मनातलं विचारा : रजा संपली, आता काउंटरवर कशी बसू?

या खेपेला पत्रांचा गठ्ठा उघडला तर तीन पत्रं एकाच विषयाची निघाली. डिप्रेशन, अँक्झायटी, त्यासाठी घेतलेली सुट्टी, आणि आता परत कामावर जायचंय तर पोटात गोळा. म्हणून बाकीचे प्रश्न (फ्लॅटच्या नॉमिनीवाले काका, तुमचं पत्र मिळालंय, वाचलंय) पुढच्या अंकात घेते. पहिलं पत्र लांब होतं, थोडं कापलंय, आणि तिघांचेही ओळख पटेल असे तपशील बदललेत.

प्रश्न : ताई, मी ३४ वर्षांची, जळगाव जिल्ह्यात तालुक्याच्या गावी बँकेत क्लार्क आहे. नऊ वर्षं झाली, त्यातली सहा कॅशलाच. दिवाळीच्या आधी एका संध्याकाळी कॅश टॅली होईना, वीस हजार शॉर्ट. व्हाउचर पाहिली, सीसीटीव्ही पाहिलं, काही सापडलं नाही, शेवटी मी भरले. पैशांचं एवढं नाही, पण त्यानंतर मी प्रत्येक बंडल तीन तीनदा मोजायला लागले, मशीनमधून काढून परत हाताने, परत मशीनमध्ये. लाइन दारापर्यंत जायची, लोक ओरडायचे. रात्री डोळे मिटले की नोटाच. पहाटे चारला जाग, छातीत धडधड, ईसीजी काढला तर नॉर्मल. जानेवारीत एक दिवस बँकेसमोर गाडी लावली आणि तिच्यावरून उतरताच येईना, अर्धा तास तशीच बसले आणि घरी परत आले. मग जळगावच्या सायकियाट्रिस्टकडे गेलो, गोळ्या सुरू झाल्या. गोळ्या पण जळगावहूनच आणतो, इथला मेडिकलवाला मिस्टरांचा मित्र आहे ना. साडेचार महिने झाले घरी. आता झोप येते, जेवण जातं, मुलीचा अभ्यास घेते. डॉक्टर म्हणतात जॉइन व्हायला हरकत नाही, एक जूनला सोमवार आहे तर तेव्हा जायचं ठरलंय. पण डोकं अजून पहिल्यासारखं चालत नाही, पेपरातली बातमी दोनदा वाचावी लागते. पूर्ण बरी झालेच नाही तर जाऊ कशी? आणि लोकांना सांगू काय? गावात कोणी म्हणतं हिचं मिसकॅरेज झालं, कोणी म्हणतं कॅशमध्ये हात मारला म्हणून सस्पेंड केलंय. सासूबाई म्हणतात राजीनामाच दे, कोणाला काही सांगायलाच नको. मला अगं तुगं केलं तरी चालेल.
— एक कॅशियर

उत्तर : अगं, आधी ती तारीख बदल. हे मी तुला मेलवर कळवलंच होतं कारण अंक निघेपर्यंत एक जून उलटून गेला असता, पण इथे सगळ्यांसाठी परत लिहिते. सोमवार, त्यात एक तारीख, म्हणजे पेन्शनवाले आजी-आजोबा सकाळी नऊपासून पायरीवर बसलेले, आणि जून म्हणजे पीककर्जवाले वेगळेच. साडेचार महिन्यांनी परत येणाऱ्या माणसाला यापेक्षा वाईट दिवस शोधूनही सापडणार नाही, तुला हा दिवस कोणी सुचवला त्याला माझा नमस्कार सांग. दहा तारखेचा बुधवार घे. गर्दी ओसरलेली असते, तीन दिवस काम, आणि तेराला दुसरा शनिवार, लागून रविवार. शिल्लक रजा असेल तर पुढचे दोन-तीन आठवडे मधला एक दिवस रजा टाकून घरी राहा. अर्धा दिवस अर्धा दिवस करत हळूहळू रुजू व्हायची सोय आपल्याकडच्या बँकांत सहसा नसते, ती आपली आपणच रजेतून बनवायची.

आता 'पूर्ण बरी झालेच नाही' याबद्दल. हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय, आणि ते म्हणणारी माणसं सहा महिन्यांचं वर्ष करतात. या आजारातून उठताना सगळं एकदम परत येत नाही. बऱ्याच जणांची झोप आणि भूक आधी सुधारते, मग मूड, आणि एकाग्रता सगळ्यात शेवटी, कधी कधी काही महिने मागून रेंगाळत येते. बातमी दोनदा वाचावी लागते म्हणजे तू बिघडलेली आहेस असं नाही, गाडीचं शेवटचं टोक अजून स्टेशनात यायचंय एवढंच. आणि ती एकाग्रता घरी सोफ्यावर बसून येत नाही गं, थोडं थोडं काम करूनच येते. त्यामुळे कामावर जाणं म्हणजे बरं झाल्याचा दाखला असं समजू नकोस, ते उपचारातच धर. पहिल्या महिन्यात जवळ एक छोटी वही ठेव, साहेबांनी सांगितलेलं लगेच लिहायचं, लाजायचं नाही.

दहा तारखेच्या आधीचे दहा दिवस पण कामाचे आहेत. डिप्रेशनमध्ये बऱ्याच जणांना सकाळ सगळ्यात जड जाते, दुपारनंतर जरा हलकं वाटतं, आणि बँक नेमकी सकाळी उघडते! म्हणून आतापासून बँकेच्या वेळेला उठायचं, आंघोळ, डबा भरायचा, गाडी काढायची आणि शाखेपर्यंत जाऊन यायचं. पहिल्या दिवशी नुसतं समोरून जा. दुसऱ्या दिवशी पलीकडे गाडी लावून पाच मिनिटं थांब. तिसऱ्या चौथ्या दिवशी सरळ आत जा, पासबुक भरून घे आणि ये. गिऱ्हाईक म्हणून गेलेलं बरं असतं, कोणी काही विचारलं तर हातात पासबुक असतं, काय करायचं ते कळतं. ज्या पायरीसमोरून तू जानेवारीत परत फिरलीस ती पायरी जॉइन व्हायच्या आधी दोन-चारदा चढून झालेली असली पाहिजे, असा हिशोब.

कॅशचं मी जरा सविस्तर लिहिते कारण खरी गोम तिथेच आहे. रुजू होण्याआधी मॅनेजर साहेबांना एकटी भेट, आणि मोघम 'सांभाळून घ्या' म्हणू नकोस, त्याने काहीच होत नाही. तीन गोष्टी माग : पहिला महिना कॅश नको, दुसरं कुठलंही टेबल चालेल, केवायसी दे, क्लिअरिंग दे. पहिले काही आठवडे उशिरापर्यंत बसवू नका. आणि जळगावला फॉलोअपला जायचं असतं त्या दिवशी दुपारी सोडा. मोजून तीन. मागणी ठरावीक असली की साहेबांनाही हो म्हणणं सोपं जातं, शिवाय डॉक्टरांना सांग की फिटनेस सर्टिफिकेटवर 'सुरुवातीला हलकं काम द्यावं' असं लिहून द्या, म्हणजे साहेबांकडेही कागद राहतो.

पण कॅश कायमची सोडायची नाही. इथे तुझे मिस्टर, सासूबाई, शाखेतल्या मैत्रिणी सगळे प्रेमाने सांगतील की कशाला त्या काउंटरवर बसतेस आता. नको ऐकूस. भीती वाटते ती जागा टाळली की त्या दिवसापुरतं हायसं वाटतं आणि भीती मात्र तिथेच मुक्काम ठोकते, वाढते. त्यामुळे महिन्याभरानंतर लंचमध्ये कॅशियरला अर्धा तास रिलीव्ह कर, मग गर्दी नसलेल्या दिवशी दोन तास, मग अर्धा दिवस. आणि एक नियम आत्ताच लिहून ठेव : एकदा हाताने, एकदा मशीनने, तिसऱ्यांदा नाही. हात शिवशिवेल, वाटेल की आत्ता नाही मोजलं तर गेले वीस हजार, तरी नाही. ती बेचैनी आपोआप उतरते हे तुझ्या मनाला दहा-वीस वेळा प्रत्यक्ष दिसलं पाहिजे, माझ्या सांगण्याने ते पटणार नाही. हे करताना जमलं तर जळगावला डॉक्टरांकडे एखादे समुपदेशक असतील त्यांच्याशी बोलून पायऱ्या ठरव, कारण मोजत राहण्याची ही सवय पक्की बसली असेल तर त्यावर खास उपचार आहेत, आणि ती गोष्ट तू डॉक्टरांना नीट सांगितली आहेस ना? पत्रावरून वाटलं की धडधडीचं सांगितलंस आणि मोजण्याचं राहिलं.

काउंटरवर घाबरं झालंच, हात थरथरले, तर पॅनिकचा जोर साधारण दहा मिनिटांत शिखराला जातो आणि मग उतरायला लागतो, हे लक्षात ठेव. श्वास आत घेतेस त्यापेक्षा बाहेर सोडायला जास्त वेळ लाव. काउंटरवर 'पाच मिनिटांत येते' सांगून उठ, पाणी पी. एरवी सर्व्हर डाऊन म्हणून आम्हाला अर्धा अर्धा तास बसवून ठेवता ना तुम्ही लोक, एकदा पाच मिनिटं तुझा सर्व्हर डाऊन. (तसंही पहिल्या दिवशी तुझा यूजर आयडी बंद पडलेला असणार, तो चालू करून घेण्यातच दुपार होईल, त्यामुळे पहिल्या दिवसाची फार धास्ती घेऊच नकोस.)

लोकांना काय सांगायचं? काहीच सांगायचं नाही हा सल्ला मी एरवी दिला असता, पण बँकेत तो चालत नाही. शिक्षिका चार महिने दिसली नाही तर लोक म्हणतात आजारी असेल, कॅशियर चार महिने दिसली नाही तर लोक म्हणतात घोळ केला. म्हणजे गप्प बसलीस तर ते सस्पेंडचं खरं ठरतं. तेव्हा एक वाक्य तयार ठेव, खोटं नको आणि पूर्णही नको. 'तब्येत बरी नव्हती, मेडिकल लीव्हवर होते, आता बरंय. तुमचं काय काम होतं?' शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, गावातल्या माणसाला स्वतःच्या कामाबद्दल विचारलं की तो दुसऱ्याचं आजारपण विसरतो. हे वाक्य आरशासमोर नाही, मिस्टरांसमोर म्हणून बघ. आणि तेच वाक्य सासूबाईंना, मिस्टरांना, मुलीलाही देऊन ठेव, नाहीतर तू म्हणणार तब्येत आणि बाजारात सासूबाई सांगणार माहेरी गेली होती. शाखेत एखादी जवळची मैत्रीण असेल तर तिला खरं सांग, एकच, म्हणजे वाईट दिवशी लपायला एक जागा राहील.

सर्टिफिकेटवर आजाराचं नाव असलंच पाहिजे का, हे तू विचारलं नाहीस पण विचारणार आहेस. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ सालचा आहे, त्यात रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिलाय, तुझे डॉक्टर तुझ्या संमतीशिवाय बँकेला तपशील सांगत बसणार नाहीत. काय लिहायचं, किती लिहायचं हे त्यांच्याशी बोलून ठरव. पण खरं सांगायचं तर हा कायदा उपचार करणाऱ्यांना बांधतो, फाइल बघून चहाच्या टपरीवर बोलणाऱ्या स्टाफला नाही. म्हणून जेवढं लागेल तेवढंच कागदावर. त्याच कायद्यामुळे मेडिक्लेममध्ये मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरावं लागतं, ते पण घरातली पॉलिसी काढून बघून ठेव.

गोळ्या. ताई मी जॉइन झाले, छान चाललंय, आता बंद करते, हा फोन मला दर दोन महिन्यांनी कुणाचा ना कुणाचा येतो. डिप्रेशनची औषधं बरं वाटायला लागल्यानंतरही साधारण सहा ते नऊ महिने तरी चालू ठेवतात, आणि मग डॉक्टर हळूहळू कमी करतात. एकदम सोडली तर चक्कर, डोक्यात करंट गेल्यासारखं, चिडचिड, झोप उडणं असं होतं, आणि माणसाला वाटतं आजारच परत आला. नोकरी परत सुरू होतेय हे तर गोळ्या सोडायचं सगळ्यात चुकीचा मुहूर्त.

एखादा दिवस वाईट जाणार, रडू येणार, त्याला परत पडले म्हणायचं नाही. पण परत चारला जाग यायला लागली, डबा तसाच घरी यायला लागला, तिसऱ्यांदा मोजायला लागलीस आणि हे आठवडाभर टिकलं, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता फोन लाव. ही तीन लक्षणं मिस्टरांना सांगून ठेव, त्यांना आधी दिसतील.

आणि सासूबाईंना सांग, राजीनाम्याचं बोलू, पण डिसेंबरात. आजारपणात घेतलेला निर्णय आजाराचा असतो, तुझा नसतो.

प्रश्न : ताई, नमस्कार. आमचे हे प्रवासी गाडीवर ड्रायव्हर आहेत, बावीस वर्षं. मागल्या वर्षी गाडीखाली एक माणूस आला. यांची चूक नव्हती असं चौकशीत निघालं, पण तेव्हापासून झोप नाही, स्टेअरिंगवर हात थरथरतात. दोन महिने मेडिकल टाकलं, आता ड्युटीवर जातात. रात्री एक झोपेची गोळी आणि एक दुसरी घेतात. डेपोत काय सांगितलं नाही, म्हणतात गाडीवरनं खाली काढतील, ओव्हरटाइम जाईल. मुक्कामी गाडी असली की पहाटे पाचला निघायचं असतं. परवा घरी मोटरसायकलवरच डुलकी लागली त्यांना. मी डेपोत जाऊन सांगू का?
— सातारा जिल्ह्यातून एक बहीण

उत्तर : वहिनी, वरच्या पत्रात मी म्हटलं की कोणाला किती सांगायचं ते तिचं तिने ठरवावं. तुमच्या यजमानांना मी ते म्हणू शकत नाही. तिच्या चुकीने नोटा कमी पडतील, यांच्या मागे पन्नास माणसं बसलेली असतात आणि पुढे घाट असतो. मोटरसायकलवर डुलकी लागली हे वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि तुम्हाला फोनच केला, आठवत असेल.

हे वाचणाऱ्या बाकीच्या ड्रायव्हर मंडळींसाठी लिहिते. झोपेसाठी आणि घबराटीसाठी जी क्लोनाझेपामसारखी गोळी देतात ती रात्री घेतली तरी तिचा अंमल दुसऱ्या दिवशीही अंगात असतो, माणसाला वाटतं मी तर जागा आहे. पहाटे पाचची गाडी म्हणजे तो अंमल चांगलाच शिल्लक असताना. तेव्हा डॉक्टरांचं स्पष्ट 'हो' येईपर्यंत स्टेअरिंगवर बसायचं नाही. आणि भीतीने ती गोळी एकदम सोडायची पण नाही, त्यानेही त्रास होतो, अगदी फिटसुद्धा येऊ शकते.

आधी डेपो नाही, आधी डॉक्टर. गोळ्यांचे पत्ते पिशवीत घाला, दोघं जा आणि पहिलं वाक्य हेच बोला की हे प्रवासी गाडी चालवतात. कित्येकदा डॉक्टरांना हे माहीतच नसतं, केसपेपरवर 'नोकरी' एवढंच लिहिलेलं असतं. झोपेची गोळी साधारण थोड्या दिवसांसाठीच असते, ती हळूहळू काढता येते, दुसरी बदलता येते. मूळ आजाराच्या ज्या गोळ्या असतात त्यातल्या पुष्कळ सुरुवातीचे काही आठवडे गेले की फारशी गुंगी आणत नाहीत, म्हणजे गाडी कायमचीच सुटली असं मुळीच नाही. आणि त्या अपघाताबद्दल बोला. डोळ्यांपुढे ते परत परत येत असेल, त्या वळणावर घाम फुटत असेल, तर त्या धसक्यावर बोलून करायचे वेगळे उपचार असतात, झोपेच्या गोळीने तो जात नाही.

तोवर रजा, आणि रजा नसेल तर डॉक्टरांच्या चिठ्ठीवर डेपोतलंच दुसरं काम मागायचं. युनियनच्या माणसाला बरोबर घ्या. ओव्हरटाइम जाईल, ते खरंय, मी गोड बोलून ते लपवत नाही. पण नोकरीच जाईल ही भीती अवास्तव आहे. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे, त्यात सरकारी आस्थापनेतल्या माणसाला नोकरीत असताना अपंगत्व आलं तर काढता येत नाही, ते काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरीकडे घ्यावं लागतं, आणि मानसिक आजारही त्या यादीत आहे. हे प्रत्येक दोन महिन्यांच्या आजारपणाला लागू होत नाही, पण मानसिक आजार झाला म्हणून घरी बसवा असा कायदा नाही एवढं कळावं म्हणून सांगते. २०२१ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानेही सीआरपीएफच्या एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात मानसिक आजार असलेल्या माणसाच्या बाजूने निकाल दिलाय.

ते डॉक्टरांकडे यायलाच तयार नसतील आणि तशीच गाडी काढत असतील तर मात्र हो, डेपोत सांगा. आधी त्यांना सांगून मग सांगा, पाठीमागून नको. रागावतील, महिनाभर बोलणार नाहीत.

आणखी एक. 'त्याच्या जागी मीच गेलो असतो तर बरं' असं काही बोलतात का? तर सरळ विचारा, जीव द्यावासा वाटतो का म्हणून. विचारल्याने ते डोक्यात येत नाही, उलट आत साठलेलं बाहेर येतं. हो म्हणाले तर एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. १४४१६ हा सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर आहे, फुकट, रात्रीसुद्धा लागतो, मराठीत बोलता येतं. तुम्ही स्वतःसाठी पण लावा, झोप तुमचीही गेलीय.

प्रश्न : चाकणच्या एका कंपनीत माझ्या हाताखाली बारा जण आहेत. त्यातला एक जण तीन महिने डिप्रेशनच्या रजेवर होता, पुढच्या आठवड्यात येतोय. त्याने स्वतःच मला खरं कारण सांगितलंय. मी काय बोलू, काय नको?
— एक शिफ्ट इन्चार्ज

उत्तर : तुम्ही विचारताय म्हणजे अर्धं झालं. इतरांना तुम्ही काहीही सांगू नका, त्याने तुम्हाला सांगितलंय, बारा जणांना नाही. 'कसं वाटतंय आता' हे दिवसातून एकदाही पुष्कळ, आणि सगळ्यांसमोर तर नाहीच. त्याचं सगळं काम काढून घेऊन त्याला नुसतं बसवू नका, रिकामा माणूस जास्त विचार करतो आणि त्याला कळतं की आपल्यावर भरवसा उरला नाही. काम खरं द्या, कमी द्या. पहिले काही आठवडे नाइट शिफ्ट टाळता आली तर टाळा, या आजारात झोपेचं गणित फार नाजूक असतं. आणि आठवड्यातून एकदा दहा मिनिटं त्याच्याशी कामाबद्दल बोला, फक्त कामाबद्दल, बाकीचं त्याला बोलायचं असेल तर तो बोलेल.

मी शाळेत शिकवत होते तेव्हा मला स्वतःला असेच तीन महिने घरी बसावं लागलं होतं. परत गेले त्या दिवशी हेडबाईंनी केबिनमध्ये बोलावून मन खंबीर कसं ठेवावं यावर वीस मिनिटं सांगितलं, त्यातलं एक अक्षर आठवत नाही. स्टाफरूममध्ये आले तर शिपाई मामा म्हणाले, बाई, तुमची खुर्ची सातवी ब च्या सरांनी नेली होती, मी सकाळीच परत आणून पुसून ठेवलीय. त्याचं टेबल, लॉकर, हेल्मेट जे काय असेल ते गेल्या तीन महिन्यांत कुणी ना कुणी घेतलंच असेल, तेवढं तो यायच्या आधी बघून घ्या.